३४ टक्के दाखवणारी बॅटरी

मी हिशेबाची कामं करते. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरीचे काही छोटे कारखाने आणि नवी पेठेतली एक-दोन दुकानं, एवढाच माझा पसारा. कारखानदार कागद घेऊन माझ्याकडे येत नाहीत, मलाच लॅपटॉप पाठीला लावून जावं लागतं. ११ तारखेला जीएसटीआर-वन, २० तारखेला थ्री-बी, ही जीएसटीची दर महिन्याची विवरणपत्रं. या तारखा जवळ आल्या की माझा मुक्काम मागांच्या खडखडाटाशेजारी, पत्र्याच्या केबिनमध्ये असतो. तिथे लाइट गेली की माग थांबतात, पंखा थांबतो, वायफाय जातं. मग मोबाइलचं नेट आणि लॅपटॉपची बॅटरी यांच्यावरच पुढचा तासभर काढायचा असतो. त्यामुळे बॅटरीकडे माझं लक्ष चार लोकांपेक्षा जरा जास्तच.

लॅपटॉप साडेतीन वर्षांचा, पंधरा इंची, साधाच. नवा होता तेव्हा चार तास निघायचे. पुढे तीन झाले, मग अडीच. याची मला तक्रार नव्हती. लिथियम-आयन बॅटरी साधारण ३०० ते ५०० सायकलनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येते, एवढं माहीत होतं. सायकल म्हणजे प्रत्येक वेळी चार्जर लावणं नव्हे, एकूण १०० टक्के वापर. आज ५० टक्के वापरली, उद्या ५० वापरली, की एक सायकल झाली. रोज वापरणाऱ्याची तीन वर्षांत तेवढी सहज होतात.

खटकलं ते निराळंच. मार्चअखेरची गडबड, लाइट गेलेली, ट्रक दारात उभा आणि मी त्यातल्या मालाचं ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन परवाना, भरतेय. कोपऱ्यात ३४ टक्के दिसत होते. स्क्रीन फटकन काळी झाली. सूचना नाही, लाल चिन्ह नाही. विंडोज एरवी १० टक्क्यांच्या आसपास बॅटरी उतरल्याचं सांगतं आणि ५ टक्क्यांवर काम सेव्ह करून स्वतःच झोपी जातं. ३४ वरून थेट अंधार झाला तर ते बिचारं सांगणार कधी? लाइट आल्यावर चार्जर लावून सुरू केला, तर आकडा ६ टक्के. मधले २८ टक्के कुठे गेले, हा प्रश्न मला थ्री-बीतल्या फरकासारखा छळायला लागला.

सल्ले लगेच सुरू झाले. कारखान्याचे मालक म्हणाले, "रात्रभर चार्जिंगला लावून ठेवता काय ओ ताई? म्हणून मेली." त्यांचा पुतण्या म्हणाला, "फॉरमॅट मारा की एकदा." फोल्डिंग खात्यातल्या मावशींचं मत पडलं, की बॅटरी नेहमी पूर्ण उतरवूनच चार्ज करावी, त्यांच्या घरच्या इमर्जन्सी लाइटचं तसंच होतं. मावशींचा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला, तिथे तो खराच होता. लिथियमला मात्र पूर्ण उतरणं मानवत नाही. मालकांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. बॅटरी भरली की लॅपटॉप चार्जिंग थांबवतो, त्यामुळे रात्रभर लावल्याने ती 'जास्त भरत' नाही. पण भरलेल्या अवस्थेत तासन्‌तास उष्णतेत पडून राहिली तर ती लवकर म्हातारी होते, हे खरं. फॉरमॅटबद्दल न बोललेलंच बरं. आपल्याकडे लॅपटॉपचं काहीही दुखलं तरी पहिलं औषध तेच.

माझा भाचा पुण्यात हिंजवडीला असतो. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "आत्या, दुकानात जाऊ नकोस अजून. आधी लॅपटॉपलाच विचार." त्याने फोनवर एकेक अक्षर सांगितलं. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडायची. त्यात पॉवरसीएफजी लिहायचं, एक जागा सोडायची, तिरकी रेघ द्यायची, त्याला लागूनच बॅटरीरिपोर्ट लिहून एंटर मारायचं (powercfg /batteryreport). क्षणात खाली एक ओळ आली, रिपोर्ट कुठे ठेवलाय ते सांगणारी. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडते. विंडोजमध्ये हे आधीपासूनच असतं, काही डाउनलोड करावं लागत नाही.

रिपोर्ट लांबलचक आहे, पण कामाच्या ओळी दोनच. डिझाइन कपॅसिटी ४१,०४० आणि फुल चार्ज कपॅसिटी २३,१८०, दोन्ही मिलीवॉट-अवरमध्ये. पहिली म्हणजे कारखान्यातून निघताना बॅटरीत मावायचं तेवढं, दुसरी म्हणजे आज पूर्ण भरल्यावर मावतं तेवढं. भागाकार केला, ५६ टक्के. सायकल काउंटच्या जागी नुसती आडवी रेघ होती, काही लॅपटॉप तो आकडा देतच नाहीत. भाच्याकडे मॅकबुक आहे. त्याला हे सेटिंग्जमध्येच दिसतं, बॅटरी हेल्थ नॉर्मल आहे की सर्व्हिस रेकमेंडेड. ॲपल आपल्या अलीकडच्या मॅकबुकच्या बॅटरीसाठी १,००० सायकल धरतं, हेही त्याने जाता जाता ऐकवलं. ऐकवणारच.

त्याच रिपोर्टमध्ये खाली कपॅसिटी हिस्टरी असते, मागच्या महिन्यांत क्षमता कशी उतरत गेली त्याचा तक्ता. हिशेबाच्या माणसाला असा तक्ता मिळाला की तो जेवण विसरतो. दिवाळी ते फेब्रुवारी आकडे जेमतेम हलले होते. मागच्या एप्रिल ते जूनमध्ये मात्र धाडधाड खाली आले होते. सोलापूरचा मे, पारा ४२-४३, वर पत्रा, आणि लॅपटॉप पूर्ण भरून दिवसभर चार्जरला. उष्णतेने बॅटरीच्या आतल्या रासायनिक क्रिया भराभर होतात आणि ती झिजते, हे कुठेतरी वाचणं वेगळं आणि आपल्याच लॅपटॉपच्या तक्त्यात उन्हाळा दिसणं वेगळं.

पण ५६ टक्क्यांनी माझं कोडं सुटत नव्हतं. क्षमता निम्म्यावर आली तर लॅपटॉप निम्मा वेळ चालावा. ३४ वर बंद का पडावा?

आधी दुसरं काही कारण आहे का ते बघितलं. चार्जर बदलून पाहिला. माझा ६५ वॉटचा, कारखान्यातल्या संगणकवाल्या मुलाकडेही तेवढ्याच वॉटचा आणि त्याच कंपनीचा होता. त्यानेही फरक नाही. चार्जर कमी वॉटचा असेल तर लॅपटॉप हळू चार्ज होतो किंवा काम करताना चार्ज होतच नाही, आणि माणूस उगाच बॅटरीला बोल लावतो. 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' असं दिसलं म्हणजेही बॅटरी गेली असं नाही. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ८० किंवा ६० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सेटिंग असते, ती कुणीतरी चालू केलेली असते एवढंच. मग सेटिंग्जमध्ये कोणतं ॲप किती बॅटरी खातंय ते पाहिलं. ब्राउझर आणि हिशेबाचं टॅली, नेहमीचेच दोघं. नवा चोर कुणी सापडला नाही.

मग एका रविवारी घरी बसून मोजमाप केलं. स्क्रीनचा उजेड निम्मा, वायफाय चालू, साधं एक्सेलचं काम. वहीत दर १० टक्क्यांना वेळ लिहीत गेले. १०० ते ६० छान सरळ उतरले, पाऊण तास लागला. ६० ते ४० ला दहा मिनिटंही लागली नाहीत. ३७ वर असताना मुद्दाम मोठी फाइल उघडली, ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावला, आणि बंद.

इथे भाच्याने जे समजावलं त्याने कोडं सुटलं. टक्क्यांचा आकडा कुणी आत डोकावून मोजलेला नसतो. बॅटरीतली एक चिप किती करंट आत गेला, किती बाहेर आला याचा हिशेब ठेवते, व्होल्टेज बघते आणि अंदाज सांगते. बॅटरी कधी पूर्ण वरपासून खालपर्यंत वापरलीच नाही तर तो अंदाज चुकत जातो. दुसरी गोष्ट म्हणजे बॅटरी जुनी होते तसा तिच्या आत विजेला होणारा विरोध वाढतो. लॅपटॉपने एकदम जास्त ताकद मागितली की व्होल्टेज खाली बसतं. माझ्या बॅटरीत तीन सेल एकापुढे एक जोडलेले, म्हणून तिच्यावर ११.४ व्होल्ट लिहिलेलं. त्यातला एक कमजोर झाला आणि त्याचं व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेखाली गेलं की सुरक्षेसाठीचं सर्किट सगळ्या बॅटरीलाच थांबवतं. उरलेल्या दोघांत कितीही शिल्लक असो. नव्या मागांवर ताण्याचा एक धागा तुटला की अख्खा माग थांबतो, बाकीचे हजारो धागे धडधाकट असले तरी. हे म्हटल्यावर मालकांनाही पटलं.

भाच्याने कॅलिब्रेशन करून बघायला सांगितलं. पूर्ण चार्ज करून थोडा वेळ तसाच ठेवायचा, मग चार्जर काढून बंद पडेपर्यंत चालवायचा, आणि मग मध्ये न थांबवता पुन्हा पूर्ण भरायचा. केलं. दुसऱ्या दिवशीचा रिपोर्ट बघून मी आधी हिरमुसले. फुल चार्ज कपॅसिटी २३,१८० वरून १९,३८० वर आलेली, म्हणजे ४७ टक्के. बरं करायला गेलो आणि आणखी बिघडलं? तसं नव्हतं. बॅटरी काल होती तेवढीच होती, चिपचा अंदाज तेवढा खरा झाला होता. आता साध्या कामात लॅपटॉप ९-१० टक्क्यांपर्यंत यायचा. जड काम दिलं तर मात्र अजूनही विशीतच मान टाकायचा. म्हणजे काही गोंधळ आकड्याचा होता, उरलेला सेलचा. कॅलिब्रेशनने बॅटरीला ताकद येत नाही, पण निदान ती आपल्याला किती फसवते ते कळतं. हा प्रयोग वरचेवर करायचा नाही, आणि बॅटरी फुगलेली असल्याची शंका असेल तर मुळीच नाही.

फुगण्याचा विषय निघालाच आहे तर सांगते, कारण शेवटी निर्णय आकड्यांनी झालाच नाही.

माझा विचार असा होता, की एक-दीड तास निघतोय, उन्हाळा काढू आणि पावसाळ्यात नवी घेऊ. मेच्या सुरुवातीला टचपॅडचा डावा कोपरा दाबेना. बोटाने दाबलं तर टक्‌ असा आवाज यायचा तो बंद. धूळ असेल म्हणून फुंकर मारली. मग लक्षात आलं, की झाकण लावलं तरी पुढच्या बाजूला फट राहतेय, आधी राहत नव्हती. लॅपटॉप शहाबादी फरशीवर ठेवला आणि एका कोपऱ्यावर बोट टेकवलं, तर तो डुगडुगला. बहुतेक लॅपटॉपमध्ये बॅटरी तळहात टेकतो तिथे, टचपॅडच्या खालीच असते. जुन्या सेलमध्ये आतला द्रव विघटित होऊन वायू तयार होतो आणि सेलची पातळ पिशवी फुगते. ती वर ढकलते टचपॅडला, खाली ढकलते तळाला.

४७ टक्के क्षमतेची बॅटरी आणि फुगलेली बॅटरी यांना मी एकाच मापाने मोजायला तयार नाही. पहिलीत आपली गैरसोय आहे. दुसरीत आग लागू शकते. ८० टक्के क्षमता असलेली बॅटरी फुगली तरी ती त्याच दिवशी काढायची. मी लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, आणि पुतण्या टाचणी घेऊन "हवा काढू का?" म्हणाला तेव्हा त्याला केबिनबाहेर काढला. फुगलेल्या सेलला टोचणं, दाबणं, झाकण जोर लावून मिटवणं, यातलं काहीही करायचं नाही. आतले पडदे फाटून शॉर्ट झालं की ती पेटते आणि पेटली की सहज विझत नाही.

नवी पेठेत गेले. पहिल्या दुकानात काउंटरवरच्या माणसाने लॅपटॉप न उघडताच निदान केलं, "मदरबोर्डचा चार्जिंग आयसी गेलाय, ठेवून जा." रिपोर्टचा कागद पुढे केला तर त्याने तो उलटा धरून बघितला. मी लॅपटॉप उचलला आणि मागच्या गल्लीतल्या एका लहान गाळ्यात गेले. दोघं पोरं आपापसात तेलुगूत बोलत होती. त्यातल्या मोठ्याने लॅपटॉप काचेवर ठेवला, कोपरा हलवला आणि म्हणाला, "अक्का, ही आधी काढायची. बाकीचं नंतर बोलू."

त्याने खालचे स्क्रू काढले, प्लास्टिकची पातळ पट्टी कडेने फिरवून झाकण सोडवलं, आणि आधी बॅटरीचा कनेक्टर सुटा केला. तीन सेलपैकी मधला टम्म फुगलेला. बॅटरी धातूच्या पत्र्याने उचकटायची नाही, म्हणून त्याने तीही प्लास्टिकनेच अलगद सोडवली, कनेक्टरला चिकटपट्टी लावली आणि वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. मला तो डबा बघूनच भरवसा आला. घरी नेऊन घंटागाडीत टाकण्याची ही वस्तू नाही. २०२२ च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी बनवणाऱ्या-आयात करणाऱ्यांची आहे, आणि आपण त्या घरच्या कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून योग्य ठिकाणी द्यायच्या आहेत.

मग भाव. समोर कपाटात कॉम्पॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कुणी बनवलेली पण माझ्या लॅपटॉपला बसणारी, २,१०० ला, कंपनीची मागवली तर ४,२०० आणि थोडे दिवस थांबावं लागेल. कॉम्पॅटिबल सगळ्याच वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. पण त्याने दाखवलेल्या डब्यावर तेवढ्याच आकाराच्या बॅटरीवर माझ्या मूळ बॅटरीपेक्षा चांगली दीडपट क्षमता छापलेली होती. तेवढ्याच जागेत दीडपट माल कुठून येणार? आणखी बघायच्या गोष्टी म्हणजे पार्ट नंबर अक्षरन्‌अक्षर जुळतो का, व्होल्टेज तेच आहे का, भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, आणि बनवल्याची तारीख. बॅटरी कपाटात पडूनही झिजते, दोन वर्षांपूर्वीची 'नवी' मला नको होती. मी कंपनीची मागवली. अजून दोन-तीन वर्षं हा लॅपटॉप वापरायचाय, त्या मानाने फरक मोठा नाही. वर्षभरात विकायचा असता तर कदाचित दुसरी घेतली असती.

ती येईपर्यंत लॅपटॉप बॅटरीशिवाय, नुसत्या चार्जरवर चालवला. माझा चालला. काही लॅपटॉप बॅटरी काढल्यावर मुद्दाम हळू चालतात. वायर हलली की काम गेलं, म्हणून दर दोन ओळींना सेव्ह. ते दिवस कारखान्यात न जाता घरच्या इन्व्हर्टरवर काढले आणि मालकांनी बिलांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले, त्यातले निम्मे आडवे आणि उरलेले अंधारात.

नवी बसवल्यावर त्या पोराने स्वतःहून रिपोर्ट काढून दाखवला. डिझाइन आणि फुल चार्ज, दोन्ही आकडे जवळजवळ सारखे. तोच म्हणाला, "आत्ता यावर जाऊ नका अक्का, पाच-सहा वेळा चार्ज होऊ द्या, मग खरा आकडा येतो." तसं करून पुन्हा पाहिला, ४०,००० च्या वरच होता. वहीतली रविवारची चाचणीही पुन्हा केली, ३४ ला काही झालं नाही, २० ला काही झालं नाही, १० टक्क्यांवर विंडोजने रीतसर सूचना दिली.

आता घरी असते तेव्हा चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवते. ही सेटिंग लेनोव्होत कॉन्झर्व्हेशन मोड, आसूसमध्ये बॅटरी हेल्थ चार्जिंग अशा नावांनी असते, माझ्यात ती बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, सापडली. कारखान्यात जायच्या आदल्या रात्री तेवढी १०० करते. दुपारी लॅपटॉप गाडीच्या डिकीत ठेवत नाही, आणि पत्र्याच्या केबिनमध्ये त्याच्यावर पंख्याचा झोत राहील असं टेबल सरकवून घेतलंय.

जुळे सोलापुरात आमच्यातलेच एक कर सल्लागार आहेत. माझं ऐकून त्यांनीही रिपोर्ट काढला. ५१ टक्के. घाबरून नवी मागवायला निघाले होते. मी विचारलं, तुमचा लॅपटॉप टेबलावरून उठतो कधी? नाही. इन्व्हर्टर आहे? आहे. मध्येच बंद पडतो? नाही. टचपॅड नीट दाबतो, झाकण पूर्ण मिटतं? हो. मग चार हजार कशाला घालता, म्हटलं. महिन्यातून एकदा लॅपटॉप सपाट फरशीवर ठेवून कोपऱ्यावर बोट टेकवून बघा. डुगडुगला तर मात्र मला फोन करत बसू नका, सरळ त्या गल्लीत जा.